घटक ४ : किनोसाकी – एका मुक्कामाचा अभ्यास

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला जपानमधील ‘ओन्सेन र्‍योकान’, म्हणजे गरम झऱ्यांच्या गावातील पारंपरिक निवासगृह, या संस्थेचे स्वरूप स्पष्ट करता येईल. किनोसाकी या गावातील मुक्कामाची रीत आणि तिच्यामागील इतिहास यांचा संबंध जोडता येईल. तसेच प्रवासलेखनात ‘परंपरा’ हा शब्द योजताना कोणती काळजी घ्यावी, याचा विचार करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, यापूर्वीच्या घटकांत आपण प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची लक्षणे पाहिली. मराठी प्रवासवर्णनाला जपान नवा नाही, पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’मध्येही जपानचा प्रवास आहे. या घटकात मात्र आपण संपूर्ण देश पाहणार नाही. एक गाव, त्या गावातील एका रात्रीचा मुक्काम आणि त्या मुक्कामामागे दडलेला एक जुना वाद, एवढ्यापुरतेच हे विवेचन मर्यादित आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी हे गाव पाहिलेले नसेल. त्याने फारसे बिघडत नाही. न पाहिलेल्या स्थळाविषयी नेमके प्रश्न विचारता येणे हीदेखील प्रवासवर्णनाच्या वाचकाची एक कसोटीच आहे.

प्रथम दोन शब्दांविषयी. जपानी भाषेत गरम पाण्याच्या झऱ्याला ‘ओन्सेन’ म्हणतात. मराठीत आपण ‘गरम पाण्याची कुंडे’ असे म्हणतो. परंतु कोकणात याहून जुना व नेमका शब्द रूढ आहे, तो म्हणजे ‘उन्हाळे’. ‘उष्ण’ या शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. राजापूरजवळचे उन्हाळे, पालीजवळचे उन्हेरे आणि दापोली तालुक्यातील उन्हवरे ही गावे आपल्या नावांतच हे पाणी बाळगून आहेत. म्हणून ‘ओन्सेन’साठी मराठी शब्द हवा असेल, तर तो आपल्या घरातच आहे.

‘र्‍योकान’चे तसे नाही. या शब्दाच्या दोन अक्षरांचा अर्थ ‘प्रवास’ आणि ‘वास्तू’ असा आहे. मराठीत ‘धर्मशाळा’ म्हटले की पुण्यकर्म आले, ‘लॉज’ म्हटले की केवळ व्यवहार आला आणि ‘पाहुणचार’ म्हटले की नातेसंबंध आला. र्‍योकानमध्ये माणसे पैसे मोजून राहतात, पण तेथील वागणूक घरच्यासारखी असते. आणि घरच्यासारखी असली तरी त्या घराचे नियम पाहुण्याला पाळावेच लागतात. हा तिढा एका मराठी शब्दात सामावत नसल्यामुळे येथे मूळ शब्दच कायम ठेवला आहे.

४.३ गाव आणि पाणी

किनोसाकी हे ह्योगो प्रांतातील, जपानच्या समुद्रकिनाऱ्यापासून जवळच वसलेले एक लहान गाव. प्रशासनाच्या दृष्टीने ते आज तोयोओका या शहराचा भाग आहे. क्योतोहून आगगाडीने तेथे जाण्यास सुमारे अडीच तास लागतात. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून वाहणारी ओतानी ही चिंचोळी नदी, तिच्या काठाने विलोची झाडे, नदीवर दगडी कमानींचे लहान पूल आणि दुतर्फा दोन-तीन मजली लाकडी घरे. हिवाळ्यात येथे भरपूर बर्फ पडते आणि त्याच काळात समुद्रात खेकड्यांचा हंगाम सुरू होतो; त्यामुळे थंडीत गाव रिकामे न होता उलट भरून जाते.

गावाच्या उगमाच्या दोन कथा सांगतात. पहिलीत एक जखमी करकोचा पाण्यात पाय बुडवून उभा राहिलेला दिसला, पुढे तो बरा होऊन उडून गेला आणि लोकांना पाण्याचा गुण कळला. दुसरी कथा दोची या बौद्ध भिक्षूची. इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या आरंभी त्याने लोकांच्या व्याधी दूर व्हाव्यात म्हणून एक हजार दिवस प्रार्थना केली आणि ७२० मध्ये झरा प्रकटला, असे परंपरा मानते. डोंगरउतारावरील ओन्सेनजी या मंदिराची स्थापना ७३८ मध्ये झाल्याचे सांगतात. पूर्वी स्नानासाठी येणारा यात्रेकरू आधी या मंदिरात जाई, स्नानाची रीत समजून घेई आणि तेथून पळी घेऊन मगच पाण्याकडे वळे. या दोन्ही कथांत पाणी कोणा एकाला मिळालेले नाही. एकीत ते पक्ष्याने दाखवले आहे, तर दुसरीत ते सर्वांसाठी मागून घेतलेले आहे. ही बाब ध्यानात ठेवावी. पुढील विवेचनात ती कामी येईल.

गावात सात सार्वजनिक स्नानगृहे आहेत. त्यांना ‘सोतोयु’, म्हणजे ‘बाहेरचे गरम पाणी’, म्हणतात. र्‍योकानच्या आत असलेल्या स्नानगृहाला ‘उचियु’, म्हणजे ‘आतले गरम पाणी’, असे नाव आहे. किनोसाकीचा सारा इतिहास या ‘आत’ आणि ‘बाहेर’ या दोन शब्दांत साठवलेला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

४.४ मुक्कामाची रीत

र्‍योकानमध्ये साधारणतः दुपारी तीननंतर प्रवेश मिळतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकरापर्यंत खोली सोडावी लागते. आकार खोलीमागे नसून माणसामागे असतो आणि त्यात रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते. म्हणजे पाहुणा खोली विकत घेत नाही. त्या घराच्या एका दिवसाच्या क्रमात तो स्वतःची जागा घेतो.

दारात पादत्राणे काढली जातात. जपानी घराच्या प्रवेशाजवळची ही खोलगट जागा म्हणजे ‘गेन्कान’. येथून वर पाऊल टाकले की बाहेरची धूळ बाहेर राहिली. लाकडी ओसरीवर सपाता चालतात. परंतु तातामी, म्हणजे गवती चटयांची जमीन, लागली की सपाताही काढाव्या लागतात, आणि शौचालयासाठी वेगळ्या सपाता ठेवलेल्या असतात. ज्यांनी घरात सोवळ्याओवळ्याच्या सीमारेषा पाहिल्या आहेत, त्यांना हे पाऊलागणिक बदलणारे नियम चटकन समजतील. फरक एवढाच की, येथे सीमा माणसामाणसांत नसून जमिनीजमिनीत आहे.

खोलीत सामान जवळजवळ नसते. एक बुटके मेज, बसायला चौकोनी गाद्या, भिंतीतील एका कोनाड्यात लटकवलेले चित्र आणि ऋतूला अनुसरून ठेवलेले एखादे फूल. त्या कोनाड्याला ‘तोकोनोमा’ म्हणतात. त्यात बॅग ठेवू नये. खोली लावून देणारी बाई, म्हणजे ‘नाकाइ’, चहा व गोड पदार्थ घेऊन येते आणि जेवणाची वेळ विचारते. संध्याकाळी जेवणाची ताटेवाट्या उचलल्यावर मेज बाजूला सरकवले जाते, कपाटातून गाद्या निघतात आणि अंथरुणे घातली जातात. बैठकीची खोली रात्री झोपण्याची खोली होणे, हा अनुभव मराठी मध्यमवर्गीय घरांना काही परका नाही.

येथे थोडे थांबावेसे वाटते. र्‍योकानच्या बहुतेक वर्णनांत शांतता असते, वाफ असते, बर्फ असते. नाकाइ मात्र एका वाक्यात येते आणि निघून जाते. वस्तुतः ती शांतता तिच्या श्रमातून निर्माण झालेली असते. गुडघे टेकून दार सरकवणे, एकामागून एक येणारी डझनभर लहान भांडी योग्य क्रमाने मांडणे, गाद्या घालणे, पहाटे त्या काढणे, आणि हे सर्व आवाज न करता. या सगळ्यांवर देखरेख करणारी घरमालकीण म्हणजे ‘ओकामी’. अनेक र्‍योकानांत घराण्याचे नाव पुरुषाकडून चालत आलेले असते, पण घराची प्रतिष्ठा तिच्यावर अवलंबून असते. आपल्यापैकी काही जण उपाहारगृहांत, वसतिगृहांत किंवा रुग्णालयांत काम करीत असतील. असे श्रम ज्याने केले आहेत, त्याची नजर या ठिकाणी कसलेल्या लेखकापेक्षाही अधिक पाहू शकते.

पाहुण्याला सुती ‘युकाता’ दिला जातो. तो नेसताना डावी बाजू उजवीवर यावी लागते. उजवी डावीवर आणणे ही मृतदेहाला वस्त्र नेसवण्याची रीत आहे. हिवाळ्यात वरून जाड अंगरखा मिळतो. आणि मग किनोसाकीत जे घडते ते इतर अनेक ठिकाणी घडत नाही : पाहुणा याच वेशात, पायांत लाकडी ‘गेता’ चढवून, हातात पंचा व लहानशी टोपली घेऊन रस्त्यावर येतो. र्‍योकानने दिलेल्या पासावर त्याला सार्वजनिक स्नानगृहांत जाता येते. एका स्नानगृहातून दुसऱ्यात, पुलावरून, दुकानांसमोरून. रात्री रस्त्यावर ऐकू येतो तो गेतांच्या लाकडाचा टकटक आवाज.

स्नानाची रीत थोडक्यात अशी : पुरुष व स्त्रिया यांची दालने वेगळी, कपडे पूर्ण उतरवायचे, बुटक्या पाटावर बसून आधी अंग साबणाने स्वच्छ धुवायचे, मगच सामाईक पाण्यात उतरायचे, पंचा पाण्यात बुडवायचा नाही. मळ काढण्यासाठी हे पाणी नाही, केवळ शेकण्यासाठी आहे. पाणी किंचित खारट असून साधारणतः ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास राखले जाते. जपानमधील अनेक सार्वजनिक स्नानगृहे अंगावर गोंदण असलेल्यांना प्रवेश देत नाहीत, कारण तेथे गोंदणाचा संबंध गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला जातो. किनोसाकीच्या सोतोयुंत मात्र ही बंदी नाही.

आता स्वाभाविक प्रश्न असा की, ज्या र्‍योकानमध्ये इतकी निगुतीने सेवा मिळते, तेथील पाहुण्याने बर्फात स्नानासाठी बाहेर का पडावे? ‘ही तेथील परंपरा आहे’ असे उत्तर प्रवासवर्णनात हमखास मिळते. ते चूक नाही, पण अपुरे आहे.

४.५ आतले पाणी, बाहेरचे पाणी

२३ मे १९२५ रोजी सकाळी या भागात मोठा भूकंप झाला. घरे कोसळली आणि त्यापाठोपाठ आग लागली. किनोसाकी जवळजवळ संपूर्ण जळाले. या एका गावात अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आज जे ‘जुने’ लाकडी गाव प्रवासी पाहतो, ते मुख्यतः या आगीनंतर उभारलेले आहे. पुनर्बांधणीच्या वेळी रस्ता व नदी रुंद करण्यासाठी लोकांनी आपापल्या जागेचा काही भाग सोडला. ठिकठिकाणी आग अडवण्यासाठी काँक्रीटच्या इमारती बांधल्या, पण घरे पुन्हा लाकडाचीच बांधायची असे ठरले. म्हणजे गावाचे जुने रूप हे वारशाने आपोआप आलेले नाही. राख झालेल्या गावाने ते निवडले आहे.

याच पुनर्बांधणीतून वाद उभा राहिला. तोपर्यंत किनोसाकीतील र्‍योकानांत उष्णोदकाची स्वतंत्र स्नानगृहे नव्हती. पाहुणा कितीही मोठा असो, स्नानासाठी त्याला बाहेरच जावे लागे. १९२७ मध्ये मिकिया या जुन्या र्‍योकानने आपल्या नव्या वास्तूत आतले स्नानगृह सुरू करण्याचे पाऊल उचलले. गावात खळबळ माजली. प्रश्न साधा दिसतो, पण तो गहन आहे. जमीन माझी, त्या जमिनीखाली सापडलेले गरम पाणी माझे, असे मालकाला म्हणता येते का? की भूमीखालून वाहणारे पाणी कोणाच्याही कुंपणापाशी थांबत नसल्यामुळे ते सर्व गावाचे?

दोन्ही बाजूंचे म्हणणे समजून घेणे आवश्यक आहे. मालकाच्या बाजूने पाहता, काळ बदलत होता. इतर गावांतील र्‍योकान आतले स्नान देऊ लागले होते. वृद्ध व आजारी पाहुण्यांना थंडीत बाहेर जाणे त्रासाचे होते. गावाच्या बाजूने पाहता भीती दुहेरी होती. एकाने उपसा केला की दुसरा करणार आणि सामाईक झरे आटणार, ही पहिली. दुसरी अधिक सूक्ष्म होती : पाहुणा आतच राहिला, तर रस्त्यावरचा खाणावळवाला, गेता विकणारा, मिठाईवाला आणि लहान खोल्या भाड्याने देणारा यांचे काय? सामाईक पाण्यावर केवळ स्नान चालत नव्हते, सबंध गावाचा संसार चालत होता. आपल्याकडील पाणवठ्याचे, विहिरीच्या वहिवाटीचे तंटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या भांडणाची जात ओळखू येईल.

प्रकरण न्यायालयात गेले आणि फार काळ रेंगाळले. मधल्या काळात युद्ध झाले, देश पराभूत झाला, राज्यघटना बदलली. किनोसाकीचा वाद चालूच होता. अखेर १९५० मध्ये तडजोड झाली. गरम पाण्यावरील हक्क गावाच्या सामाईक मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या संस्थेकडे राहिला. र्‍योकानांना आतली स्नानगृहे बांधण्यास मुभा मिळाली, मात्र त्यांच्या आकारावर मर्यादा आली. पुढे झऱ्यांचे पाणी एकत्र करून नळांवाटे स्नानगृहांना व र्‍योकानांना पुरवण्याची व्यवस्था झाली.

याच काळात रुजलेली एक कल्पना आजही तेथे सांगितली जाते. सबंध गाव हे एकच र्‍योकान आहे : रेल्वे स्थानक म्हणजे त्याचा गेन्कान, रस्ते म्हणजे ओसऱ्या, प्रत्येक र्‍योकान म्हणजे एक खोली आणि सोतोयु म्हणजे मोठे स्नानगृह. ही कल्पना ऐकायला काव्यमय आहे. पण ती काव्यातून जन्मलेली नाही. शेजाऱ्यांनी दोन दशकांहून अधिक काळ एकमेकांशी भांडून मग जी वाटणी मान्य केली, तिचे हे गोड नाव आहे. युकाता नेसून रस्त्यावर चालणारा आजचा पाहुणा त्या तडजोडीचे एक कलम पायांनी पाळीत असतो, आणि बहुधा त्याला त्याचा पत्ता नसतो.

४.६ शिगा नाओया यांचा मुक्काम

मिकिया हे नाव जपानी साहित्याच्या अभ्यासकाला वेगळ्या कारणाने परिचित आहे. कथाकार शिगा नाओया यांना १९१३ च्या ऑगस्टमध्ये तोक्योत रेल्वेगाडीची धडक बसली. ते बचावले, आणि त्याच वर्षी प्रकृती सावरण्यासाठी किनोसाकीत येऊन मिकियात सुमारे तीन आठवडे राहिले. त्या मुक्कामावर आधारलेली ‘किनोसाकी नि ते’ (किनोसाकी येथे) ही त्यांची छोटी कथा १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली.

या कथेत निवासाचे कौतुक नाही, जेवणाचे वर्णन नाही. मृत्यूच्या अगदी जवळून परतलेला एक माणूस तीन लहान प्राणी पाहतो. छपरावर एक मधमाशी मरून पडली आहे आणि इतर माश्या आपल्या कामात आहेत. नदीत एक उंदीर मानेत सळई रुतलेल्या अवस्थेत जिवाच्या आकांताने पोहतो आहे आणि काठावरून लोक दगड मारीत आहेत. शेवटी ओढ्याकाठच्या एका पाणपालीला दचकवण्यासाठी निवेदक सहज दगड भिरकावतो आणि ती मरते. तो स्वतः वाचला, ती मेली. दोन्ही केवळ योगायोगाने. ज्या गावात लोक बरे होण्यासाठी येतात, तेथे बसून त्याने जगणे आणि मरणे यांतील अंतर किती थोडे आहे, याची नोंद केली.

प्रवासलेखनाच्या दृष्टीने ही कथा का महत्त्वाची? शिगा प्रेक्षणीय स्थळे पाहण्यासाठी तेथे गेले नव्हते. शरीर बरे करण्यासाठी दीर्घकाळ गरम झऱ्याकाठी राहण्याची ‘तोजी’ ही जुनी प्रथा आहे, आणि त्यांचा मुक्काम त्या जातीचा होता. ज्याला काही करायचे नसते, त्याला छपरावरची माशी दिसते. एका रात्रीच्या पाहुण्याला ती दिसणे कठीण आहे.

आणखी एक गोष्ट. ज्या घरात शिगा १९१३ मध्ये राहिले, ते १९२५ च्या आगीत गेले. आजची मिकियाची लाकडी इमारत त्यानंतरची आहे. शिगा पुढेही तेथे येत राहिले, आणि ते ज्या खोलीत उतरत ती आज जपलेली आहे. कथा लिहिली गेली ते घर जळाले आणि त्याच नावाच्या नव्या घराने आतल्या पाण्याचा वाद आरंभला. ‘हीच ती खोली, येथेच ती कथा सुचली’ असे वाक्य लिहिण्याचा मोह लेखकाला होतो. तारखा तपासल्या तर ते वाक्य खोडावे लागते, आणि खोडल्यावर जे उरते ते अधिक मोलाचे असते.

४.७ ‘प्राचीन’ या विशेषणाविषयी

जपानमध्ये याहून फार जुनी म्हणवणारी र्‍योकाने आहेत. यामानाशी प्रांतातील केइउन्कान ७०५ मध्ये, तर इशिकावा प्रांतातील आवाझु येथील होशी ७१८ मध्ये स्थापन झाले, असे परंपरा सांगते. तेराशे वर्षांचा आकडा वाचकाला थक्क करतो. माझे मत असे की, तो बहुतेकदा लेखकाचा विचारही थांबवतो. लाकूड सहसा तेराशे वर्षे टिकत नाही. ते जळते, कुजते, बदलले जाते. वंशही सरळ चालत नाही. जपानी व्यापारी घराण्यांत मुलगा नसेल वा लायक नसेल, तर जावयाला दत्तक घेऊन नाव पुढे नेण्याची रीत होती. मग टिकले ते नेमके काय? पाणी, नाव आणि रोज सकाळी अंथरुणे काढण्याचा क्रम. यांपैकी प्रत्येक गोष्ट कोणीतरी, कोणत्यातरी वर्षी, काही किंमत मोजून राखलेली असते. ती किंमत कोणी मोजली, हे ज्या प्रवासवर्णनात सापडते ते पुन्हा वाचावेसे वाटते.

४.८ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘धर्मशाळा’, ‘लॉज’ आणि ‘र्‍योकान’ या शब्दांतील अर्थभेद आपल्या शब्दांत स्पष्ट करा. आपल्या बोलीत पांथस्थाच्या निवासासाठी आणखी कोणते शब्द आहेत?

२. १९२७ ते १९५० या काळातील वादात आपण गावाच्या बाजूने उभे राहिला असता की र्‍योकानच्या? सुमारे २०० शब्दांत सकारण लिहा. विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा आपल्या उत्तरात आला पाहिजे.

३. कथा १९१७ ची, आग १९२५ ची, वाद १९२७ चा. हा क्रम लक्षात न घेतलेल्या लेखकाच्या हातून मिकियाच्या वर्णनात कोणत्या चुका संभवतात?

४.९ उपक्रम

आपल्या परिसरातील एखादे उन्हाळे, विहीर, तळे किंवा सार्वजनिक नळ निवडा. तेथे एक पूर्ण सकाळ बसा. पाणी कोण, कोणत्या क्रमाने घेते आणि तो क्रम कोणी ठरवला, हे तेथील दोन वयस्क व्यक्तींना विचारा. उत्तरे भिन्न आली, तर दोन्ही नोंदवा. त्यावर आधारित ५०० शब्दांचे टिपण आपल्या अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात वाचण्यासाठी घेऊन या.